मिठावरील कर आणि मागणीची किंमत लवचिकता : ब्रिटिश हिंदुस्थान, १८७८ ते १९४७

प्रस्तावना

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात अलवचीक मागणीचे उदाहरण म्हणून मीठ दिलेले असते. मिठाची किंमत वाढली म्हणून कोणी कमी मीठ खात नाही आणि कमी झाली म्हणून कोणी जास्त खात नाही, असे स्पष्टीकरण त्यासोबत येते. विद्यार्थी ते पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात.

परंतु आपल्या देशात हा प्रश्न केवळ पुस्तकातील उदाहरण नव्हता. सुमारे सत्तर वर्षे मिठावरील कराचा दर वर-खाली होत राहिला. कराने खप घटतो की नाही, यावर कायदेमंडळात वाद झाले आणि शेवटी त्याच कराविरुद्ध देशव्यापी सत्याग्रह झाला. या इतिहासाच्या आधारे आपण तीन प्रश्नांची उत्तरे शोधणार आहोत. मिठाची मागणी खरोखर किती अलवचीक होती? ती कोणासाठी अलवचीक होती? आणि ती अलवचिकता केवळ निसर्गतः होती, की काही अंशी कायद्याने घडवलेली होती?

१. संकल्पनेची ओळख

किमतीत होणाऱ्या शेकडा बदलाच्या तुलनेत मागणीत होणारा शेकडा बदल किती, हे सांगणारे गुणोत्तर म्हणजे मागणीची किंमत लवचिकता. किंमत आणि मागणी विरुद्ध दिशेने बदलतात, त्यामुळे उत्तर ऋण येते. सोयीसाठी आपण ऋण चिन्ह सोडून देतो. उत्तर १ पेक्षा जास्त असेल तर मागणी जास्त लवचीक, १ असेल तर एकक लवचीक आणि १ पेक्षा कमी असेल तर कमी लवचीक. व्यवहारात कमी लवचीक मागणीलाच आपण 'अलवचीक' म्हणतो. मात्र संपूर्ण अलवचीक म्हणजे शून्य लवचिकता आणि कमी लवचीक यांत फरक आहे. पुढील सर्व चर्चा या फरकाभोवती फिरते.

या कल्पनेला आजचे नाव आणि रूप देण्याचे श्रेय केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांना दिले जाते. १८८१-८२ च्या हिवाळ्यात सिसिलीतील पालेर्मो येथे असताना त्यांनी ती मांडणी केली आणि १८९० साली प्रसिद्ध झालेल्या 'अर्थशास्त्राची तत्त्वे' या ग्रंथात ती विस्ताराने आली. मिठाचा उल्लेख त्या ग्रंथातही आहे. मात्र मार्शल यांचे विधान काळजीपूर्वक वाचले पाहिजे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : आमच्या देशात मीठ गरीब वर्गाच्या उत्पन्नाच्या मानानेही इतके स्वस्त आहे की ते आणखी स्वस्त झाल्याने त्याचा खप फारसा वाढेल असे वाटत नाही.

येथे 'आमच्या देशात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मार्शल इंग्लंडविषयी बोलत होते, आणि इंग्लंडमधील मिठावरील कर १८२५ सालीच रद्द झाला होता. मिठाची मागणी अलवचीक आहे हा त्यांच्या लेखी मिठाचा अंगभूत गुण नव्हता. किंमत आणि उत्पन्न यांच्या प्रमाणातून निघालेला तो निष्कर्ष होता. हे प्रमाण वेगळे असलेल्या देशात निष्कर्षही वेगळा निघू शकतो.

२. कराचे दर

मार्शल पालेर्मोत होते त्याच हिवाळ्याच्या अखेरीस, मार्च १८८२ मध्ये, हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य एव्हलिन बेअरिंग यांनी मिठावरील कर कमी केला. पुढे लॉर्ड क्रोमर म्हणून ओळखले गेले ते हेच बेअरिंग. या कराचे मुख्य टप्पे खाली दिले आहेत. सर्व दर एका मणास आहेत. येथे मण म्हणजे सुमारे ८२ पौंड, अर्थात ३७ किलोंहून थोडे अधिक.

१८६९ : मुंबई व मद्रास इलाख्यांत १ रुपया १३ आणे, बंगालमध्ये दर याहून बराच जास्त
१८७८ : मुंबई व मद्रासमध्ये वाढ होऊन २ रुपये ८ आणे
१८८२ : जवळजवळ सर्वत्र एकच दर, २ रुपये
१८८८ : २ रुपये ८ आणे
१९०३ : २ रुपये
१९०५ : १ रुपया ८ आणे
१९०७ : १ रुपया
१९१६ : १ रुपया ४ आणे
१९२३ : २ रुपये ८ आणे
१९२४ : पुन्हा १ रुपया ४ आणे
१९३१ : अधिभारासह १ रुपया ९ आणे
१९४७ : कर रद्द

या यादीत दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली म्हणजे सरकारला पैशांची निकड भासली की हा कर वाढतो. १८७८ ची वाढ दख्खन आणि मद्रासमधील १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाच्या पाठोपाठ झाली. १८८८ च्या वाढीमागे ब्रह्मदेशातील युद्धाचा खर्च आणि चांदीचा भाव घसरल्याने वाढलेला विलायतेतील देण्यांचा बोजा होता. १९१६ ची वाढ पहिल्या महायुद्धाच्या काळातील आहे. दुसरी गोष्ट म्हणजे अर्थसंकल्पात शिल्लक राहू लागली की दर कमी करण्याची मागणी जोर धरते. १९०३ ते १९०७ या काळातील तीनही कपाती अशा शिलकीच्या वर्षांतील आहेत.

३. दोन बाजू

सरकारच्या बाजूचा युक्तिवाद सोपा होता. मीठ प्रत्येकाला लागते, त्याला पर्याय नाही, आणि प्रत्येक माणूस थोडेच मीठ खातो. त्यामुळे कराचा बोजा माणशी फारच थोडा पडतो, खप घटत नाही आणि उत्पन्न निश्चित मिळते. शिवाय ज्यांच्याकडून दुसरा कोणताही कर वसूल होत नाही अशा वर्गाकडूनही थोडा हातभार लागतो. आजच्या भाषेत सांगायचे तर मागणी अलवचीक आहे, म्हणून वस्तू करासाठी योग्य आहे.

विरोधी बाजू सर्वांत नेटाने मांडली ती गोपाळ कृष्ण गोखले यांनी. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले होते. मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांचे अर्थसंकल्पावरील पहिले भाषण २६ मार्च १९०२ रोजी झाले. या भाषणांसाठी लागणारी आकडेवारी जमवण्यात त्यांना रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांची मोठी मदत झाली. जोशी पेशाने शिक्षक होते आणि सरकारी अहवालांतील आकड्यांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता.

गोखले यांच्या मांडणीचा गाभा असा होता : सरकारजवळ वर्षानुवर्षे शिल्लक उरते आहे, म्हणजेच लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो आहे. मीठ ही पहिल्या गरजेची वस्तू आहे. १८८२ मध्ये कर कमी झाल्यावर खप वाढत होता. १८८८ च्या वाढीनंतर ती वाढ रोखली गेली. खप लोकसंख्येच्या प्रमाणात वाढत नसेल, तर याचा अर्थ गरीब माणूस आपल्या पानातील मीठ कमी करतो आहे असाच होतो. ब्रह्मदेशात कराचा दर कमी आहे आणि तेथे दरडोई खप जास्त आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

गोखले यांनी 'लवचिकता' हा शब्द वापरला की नाही, हा मुद्दा गौण आहे. ते जे विचारत होते तो प्रश्न लवचिकतेचाच होता. कर बदलल्यावर दरडोई खप हलतो का? हलत असेल, तर मागणी शून्य लवचिकतेची नाही, आणि मग 'कोणाचेही काही बिघडत नाही' हा सरकारचा दावा टिकत नाही.

४. १९०३ ते १९०८ : आकड्यांवरून तपासणी

१९०३ ते १९०७ या काळात दर अडीच रुपयांवरून एक रुपयावर आला, म्हणजे करात ६० टक्के घट झाली. समकालीन नोंदींनुसार १९०३ ते १९०८ या दरम्यान मिठाचा खप सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. या दोन आकड्यांवरून आपण बरेच काही काढू शकतो.

आधी सरकारी उत्पन्न पाहू. मूळ उत्पन्न १०० धरा. खप मुळीच वाढला नसता तर १ रुपया दराने ते ४० झाले असते. खप २५ टक्क्यांनी वाढला, म्हणून ते ४० गुणिले १.२५, म्हणजे ५० झाले. करकपातीमुळे जाऊ शकणाऱ्या ६० पैकी १० परत मिळाले. म्हणजे तुटीचा सहावा हिस्सा वाढलेल्या खपाने भरून काढला. उरलेला भाग सरकारला सोडावा लागला. कर कमी केला तर खप वाढून सगळी तूट भरून निघेल, अशी आशा कोणी धरली असेल तर ती या आकड्यांत टिकत नाही.

आता लवचिकता काढू. येथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात. कर ६० टक्क्यांनी घटला म्हणून किंमत ६० टक्क्यांनी घटली असे ते धरतात. ग्राहक मात्र कर देत नाही, तो किंमत देतो. किमतीत कराशिवाय मीठ पिकवण्याचा खर्च, वाहतूक, साठवण आणि व्यापाऱ्याचा नफा असतो. हे घटक गावोगावी वेगळे असतात, म्हणून आपण दोन काल्पनिक गावे घेऊ.

समजा, मिठागरापासून जवळ असलेल्या गावात कराव्यतिरिक्तचा खर्च मणास दीड रुपया आहे. आधी किंमत ४ रुपये होती, नंतर अडीच रुपये झाली. सरासरी पायाची पद्धत, म्हणजे कंस लवचिकता, वापरू. किमतीतील बदल दीड रुपया, दोन किमतींची सरासरी सव्वातीन रुपये. बदल सुमारे ४६ टक्के. खप १०० वरून १२५ झाला, सरासरी ११२.५, बदल सुमारे २२ टक्के. लवचिकता साधारण ०.४८.

समजा, दूरच्या गावात कराव्यतिरिक्तचा खर्च ३ रुपये आहे. किंमत साडेपाच रुपयांवरून चार रुपयांवर आली. सरासरी पावणेपाच रुपये. बदल सुमारे ३२ टक्के. खपातील बदल तेवढाच, म्हणजे २२ टक्के धरला तर लवचिकता साधारण ०.७०.

दोन्ही उत्तरे १ पेक्षा कमी आहेत. मागणी कमी लवचीक आहे हे सरकारचे म्हणणे त्यामुळे खरे ठरते. पण दोन्ही उत्तरे शून्यापासून बरीच दूर आहेत. किमतीने खप घटतो हे गोखले यांचे म्हणणेही खरे ठरते. एकाच आकडेवारीतून दोन्ही पक्षांना आधार मिळतो, कारण दोघांचे प्रश्न वेगळे होते. सरकार उत्पन्नाकडे पाहत होते आणि त्यासाठी 'लवचिकता १ पेक्षा कमी आहे का' एवढे पुरेसे होते. गोखले लोकांच्या पानाकडे पाहत होते आणि त्यांच्यासाठी 'लवचिकता शून्य आहे का' हा खरा प्रश्न होता.

५. आकडे वाचताना घ्यायची काळजी

वरील उत्तर म्हणजे अंतिम सत्य नव्हे. मागणीचा नियम 'इतर परिस्थिती स्थिर असताना' लागू होतो. इतिहासात इतर परिस्थिती कधीच स्थिर नसते.

पहिली गोष्ट लोकसंख्येची. १९०१ ते १९११ या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. पाच वर्षांत साधारण साडेतीन टक्के वाढ धरली, तर २५ पैकी तेवढा भाग माणसे वाढल्यामुळे आहे. दरडोई वाढ सुमारे २१ टक्के उरते.

दुसरी गोष्ट उत्पन्नाची. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळानंतर पुढील काही वर्षांत शेती सावरत होती. हातात पैसा आला की खप वाढतो. तो परिणाम किमतीचा नव्हे, उत्पन्नाचा आहे. तिसरी गोष्ट रेल्वेची. लोहमार्ग जसे पसरले तसा वाहतुकीचा खर्च घटला, म्हणजे कराव्यतिरिक्त किमतीचा भागही बदलत होता.

चौथी गोष्ट आकड्यांच्या स्वरूपाची. सरकारी नोंदीतील 'खप' म्हणजे कर भरून मिठागरातून व गोदामातून बाहेर पडलेले मीठ. ते प्रत्यक्ष खाल्लेले मीठ नव्हे. कर वाढणार अशी कुणकुण लागली की व्यापारी आधीच माल उचलून ठेवत. कमी होणार असे वाटले की माल उचलणे थांबवत. त्यामुळे एखाद्या वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. तसेच चोरून नेलेले किंवा घरी गाळलेले मीठ या नोंदीत येत नाही. कर कमी झाल्यावर चोरट्या मिठाची जागा कायदेशीर मिठाने घेतली, तरी कागदावर खप वाढलेलाच दिसतो.

६. लवचिकता कोणाची?

संपूर्ण देशाचा एक आकडा काढला की त्यात सर्व वर्ग मिसळून जातात. ते वेगळे करून पाहण्यासाठी एक हिशेब करू.

समजा, पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला माणशी १२ पौंड, म्हणजे एकूण ६० पौंड मीठ लागते. अडीच रुपये दराने त्यावरील कर सुमारे १ रुपया १३ आणे होतो. १८८२ च्या सरकारी अंदाजानुसार हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न २७ रुपये होते; दादाभाई नौरोजी यांचा त्याआधीचा अंदाज २० रुपयांचा होता. सरकारी अंदाज धरला तर पाच माणसांच्या कुटुंबाचे उत्पन्न १३५ रुपये आणि कर त्याच्या सुमारे १.३ टक्के. पण ही सरासरी झाली. वर्षाला ६० रुपये मिळवणाऱ्या मजूर कुटुंबाला हाच कर ३ टक्के पडतो, तर ६०० रुपये मिळवणाऱ्या कुटुंबाला ०.३ टक्के. दहापट उत्पन्न म्हणजे दहापट मीठ नव्हे; म्हणून बोजा उतरत्या प्रमाणात पडतो. अशा कराला आपण प्रतिगामी कर म्हणतो.

लवचिकता ठरवणाऱ्या घटकांत 'उत्पन्नातील वाटा' हा एक घटक आपण शिकतो. वस्तूवरील खर्चाचा उत्पन्नात वाटा जितका मोठा, तितकी मागणी अधिक लवचीक असण्याचा संभव. सुस्थितीतील कुटुंबाला मिठाचा भाव कळतही नाही; त्याची मागणी जवळजवळ संपूर्ण अलवचीक राहते. मजूर कुटुंबाला दोन आणे कुठून वाचवायचे याचा विचार करावा लागतो. म्हणून खपातील जी काही घट होते ती बहुतेक तळाच्या वर्गात होते. देशाची सरासरी लवचिकता कमी दिसते, पण त्या कमी आकड्यात ज्यांच्या पानातील मीठ कमी झाले ती माणसे दिसत नाहीत. उष्ण हवेत उन्हात राबणाऱ्या माणसाला घामावाटे गेलेले मीठ भरून काढावे लागते, हे लक्षात घेतले तर ही घट किरकोळ ठरत नाही.

मिठाचे उपयोगही एकसारखे नाहीत. ताटात घालायचे मीठ शेवटी कमी होते. त्याआधी गुरांना चारायचे मीठ कमी होते, लोणची आणि खारवणाचा माल कमी होतो. मासळी खारवण्याच्या धंद्यात मिठाचा खर्च मोठा असतो. मीठ महागले की खारवण परवडत नाही आणि मासळी वाया जाते किंवा पुरेसे मीठ न लावता वाळवली जाते. हे सरकारलाही कळत होते. म्हणूनच मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या किनाऱ्यावर मासळी खारवण्याची सरकारी आवारे उघडून तेथे कोळ्यांना व खारवणाऱ्यांना कराच्या बोजाशिवाय मीठ देण्याची सोय करण्यात आली. म्हणजे मिठाची मागणी सर्व उपयोगांसाठी सारखी अलवचीक नाही, हे सरकारने आपल्या कृतीने मान्य केले होते.

७. कायद्याने घडवलेली अलवचिकता

पर्यायी वस्तू उपलब्ध असतील तर मागणी लवचीक असते. मिठाला पर्याय नाही हे खरे. पण कर भरलेल्या मिठाला पर्याय होता, तो म्हणजे कर न भरलेले मीठ. समुद्रकिनारी खाचरात पाणी साठवून ते मिळत असे, खाऱ्या जमिनीची माती धुऊन मिळत असे, राजपुतान्यातील खाऱ्या सरोवरांतून मिळत असे. हे पर्याय मोकळे राहिले असते तर कर वाढताच लोक तिकडे वळले असते आणि कर भरलेल्या मिठाची मागणी चांगलीच लवचीक ठरली असती. म्हणून कराची यंत्रणा उभारताना सरकारने हे पर्याय एकेक करून बंद केले.

त्याचे सर्वांत विलक्षण उदाहरण म्हणजे अंतर्गत जकात रेषा. वेगवेगळ्या प्रांतांत कराचे दर वेगळे असल्याने स्वस्त मीठ महाग प्रांतात जाऊ नये म्हणून सिंधू नदीपासून थेट ओरिसाच्या दिशेने दोन हजार मैलांहून लांब रेषा आखली गेली. तिच्या मोठ्या भागावर काटेरी झुडपांचे जिवंत कुंपण वाढवले होते आणि १८७० च्या आसपास तिच्यावर सुमारे बारा हजार माणसे पहाऱ्यास होती. १८७९ साली ही रेषा मोडण्यात आली. तोवर सरकारने मिठाच्या उगमांवरच ताबा मिळवत आणला होता. सांभर सरोवर जयपूर व जोधपूर संस्थानांकडून १८७० मध्ये भाडेपट्ट्याने घेतले गेले आणि १८७९ मध्ये राजपुतान्यातील इतर संस्थानांशी करार करून तेथील मीठ-उत्पादन सरकारने ताब्यात घेतले किंवा बंद पाडले.

गोव्याचे उदाहरण आपल्या भागातील आहे. १८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज तहानुसार गोव्यातील मीठ-उत्पादनाचा मक्ता ब्रिटिश सरकारकडे आला आणि त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये ठरले. १८९२ पर्यंत ही व्यवस्था चालली. वर्षाला चार लाख रुपये देऊन सरकारने स्वस्त मिठाचा एक शेजारी बंद करून घेतला. अलवचिकता टिकवण्याची ही किंमत होती असे म्हणता येईल. १८८२ चा भारतीय मीठ कायदा आणि मुंबई इलाख्याचा १८९० चा मीठ कायदा यांनी परवान्याशिवाय मीठ तयार करणे, अगदी खारी माती गोळा करून गाळणेही, गुन्हा ठरवले.

यावरून एक सामान्य निष्कर्ष निघतो. लवचिकता हा वस्तूचा जन्मजात गुण नाही. पर्याय किती आहेत यावर ती ठरते, आणि पर्याय किती असावेत हे कायदा, मक्तेदारी आणि पहारा ठरवू शकतात.

८. १९२३ आणि १९३०

१९२३ साली अर्थसदस्य बेसिल ब्लॅकेट यांनी तूट भरून काढण्यासाठी कर दुप्पट, म्हणजे सव्वा रुपयावरून अडीच रुपये, करण्याचा प्रस्ताव मांडला. निवडून आलेल्या सदस्यांचे बहुमत असलेल्या विधिमंडळाने तो फेटाळला. व्हॉइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी आपला खास अधिकार वापरून तो अमलात आणला. पुढच्याच वर्षी दर पुन्हा सव्वा रुपयावर आला. उत्पन्नाच्या हिशेबाने योग्य वाटणारा कर राजकीय हिशेबाने किती महाग पडू शकतो, हे या एका वर्षात दिसून आले.

२ मार्च १९३० रोजी गांधीजींनी व्हॉइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना लिहिलेल्या पत्रात मीठकर हा गरिबाच्या दृष्टीने सर्वांत अन्यायकारक कर असल्याचे म्हटले. श्रीमंतापेक्षा गरीब माणूस मीठ जास्त खातो, ही बाब त्यांनी मांडली. सहाव्या विभागातील आपला हिशेब हेच सांगतो. १२ मार्चला साबरमतीहून निघालेली पदयात्रा दांडीला पोहोचली आणि ६ एप्रिलला कायदेभंग झाला. पुढे गुजरातेत धारासणा, मुंबईत वडाळा, कोकणात शिरोडा अशा अनेक ठिकाणी लोकांनी मिठागरांवर जाऊन मीठ उचलले.

अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिले तर सत्याग्रहींनी 'मीठ खाऊ नका' असे सांगितले नाही. परदेशी कापडाबाबत बहिष्कार शक्य होता, कारण खादी हा पर्याय होता. मिठाबाबत बहिष्कार अशक्य होता. म्हणून त्यांनी कायद्याने बंद केलेला पर्यायच उघडला : स्वतः मीठ तयार करणे. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात कर रद्द झाला नाही, पण जेथे मीठ मिळते तेथील गावकऱ्यांना घरच्या वापरासाठी आणि गावातल्या विक्रीसाठी मीठ गोळा करण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी अधिभारामुळे कर पुन्हा वाढला. तो रद्द झाला १९४७ मध्ये, हंगामी सरकारच्या काळात.

९. सिद्धान्ताकडे परत

दांडीयात्रेच्या तीन वर्षे आधी, १९२७ साली, केंब्रिजचे तरुण गणिती फ्रँक रॅमसे यांनी करविषयक एक प्रसिद्ध लेख लिहिला. ठरावीक उत्पन्न कमीत कमी नुकसानीत मिळवायचे असेल तर कोणत्या वस्तूवर किती कर लावावा, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून निघणारा नियम सोप्या भाषेत असा : ज्या वस्तूची मागणी कमी लवचीक, तिच्यावर कराचा दर जास्त. हा नियम ऐकताच मीठकराचे समर्थन झाल्यासारखे वाटते.

परंतु या नियमात सर्व ग्राहक एकसारखे धरलेले आहेत. कर कोणाच्या खिशातून जातो हा प्रश्न त्यात नाही. पुढे १९७० च्या दशकात पीटर डायमंड, जेम्स मरलीस आदींच्या लेखनात गरीब-श्रीमंत हा भेद मांडणीत आणला गेला. तेव्हा स्पष्ट झाले की जी वस्तू गरीब लोक उत्पन्नाच्या मानाने जास्त वापरतात, तिच्यावरील कर मागणी अलवचीक असूनही कमी ठेवणे योग्य ठरू शकते. आज वस्तू व सेवा करात साध्या मिठावर शून्य दर आहे, तो याच विचाराशी जुळतो.

म्हणून परीक्षेत 'मीठ : अलवचीक मागणी' असे लिहिताना त्यापुढे तीन गोष्टी मनात ठेवाव्यात : किती अलवचीक, कोणासाठी अलवचीक, आणि पर्याय खुले आहेत की बंद. हे तीन प्रश्न औषधे, स्वयंपाकाचा गॅस, रेल्वेचे तिकीट किंवा पिण्याचे पाणी अशा कोणत्याही वस्तूबाबत विचारता येतात.

स्वाध्याय

१. कर ६० टक्के घटूनही किंमत ६० टक्के का घटत नाही, ते चौथ्या विभागातील दोन गावांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. लवचिकता ०.५ असताना कर कमी केल्यास सरकारी उत्पन्नाचे काय होईल? एकूण खर्च पद्धतीने उत्तर द्या.
३. 'मिठाची मागणी अलवचीक आहे' आणि 'कर भरलेल्या मिठाची मागणी अलवचीक आहे' या दोन विधानांतील फरक सांगा.
४. आपल्या परिसरातील एखादी जीवनावश्यक वस्तू निवडा. गरीब व सुस्थितीतील कुटुंबांत तिच्यावरील खर्चाचा उत्पन्नातील वाटा किती असेल याचा अंदाज करा आणि तिच्यावर कर असावा का, याबद्दल आपले मत कारणांसह लिहा.